आडवी पडलेली किंमत

नालवाडी, वर्धा

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

ज्या अर्थशास्त्राच्या सरांशी माझ्या वर्गातल्या काजलसाठी भांडून मी कॉलेज सोडलं, त्यांनी काल भर वर्गात माझाच आलेख वर धरून दाखवला आणि माझं ठरलेलं सगळं फिरलं.

तुला माहीत आहेच, काजल मला अर्थशास्त्राचे प्रश्न पाठवते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसल्या बसल्या मी आलेखाच्या साइटवर समीकरणं टाकतो, मागणी-पुरवठ्याच्या रेषा आपोआप निघतात. या वेळी साइटनं किंमत आडव्या अक्षावर घेतली. अर्थशास्त्रात ती उभ्यावर लागते. तिला पाठवायच्या घाईत मी पाहिलंच नाही.

"किंमत काऊन झोपली? ताप आला का तिले?" सरांनी विचारलं. वर्ग हसला. काजल उठून सरळ म्हणाली, "सर, हे प्रज्योतनं काढून देलं."

सरांनी म्हणे आलेख पुन्हा नीट पाहिला. मग म्हणाले, "उत्तर तं बरोबर आहे. येजो म्हणा त्याले."

काजलनं हे सांगितलं तेव्हा मी तिच्यावर जाम भडकलो, माझं नाव का घेतलं म्हणून. ती म्हणाली, "माये प्रश्न आता मीच सोडवीन. तू तुये सोडव."

परत प्रवेश मिळेल का, ठाऊक नाही. सर काहीही बोलले तरी डोकं थंड ठेवीन, तुझी शपथ. आईचा गुडघा कसा आहे? मी दोन्ही वेळा जेवतो, सांग तिला. कॉलेज सोडल्याचं इतक्यात नको सांगू.

कॉलेजात निघालोय. ही ओळ खोलीच्या पायरीवर उभा राहून लिहितो. दार ओढून घेतलंय.

तुझा भांडकुदळ भाऊ,
प्रज्योत