दातापुढचा उंचवटा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय दादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तू बरा आहेस, वहिनीचे गुडघे तसेच आहेत आणि भिंगरी एकवीस वर्षांची झाली, हे सगळं दोनदा वाचलं. मी ठीक आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षांचे दिवस चालू आहेत. दिवसभर काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, मुलं सांडतील ते पुसायचं. घरी आले की खुर्चीत बसते आणि चपला काढायलाही वाकवत नाही. उत्तराला तीन दिवस लागले त्याचं कारण हे. पूर्ण कारण नाही, पण हेही आहे.

तू लिहितोस, "पोरगी झाडं तोडायचं काम शिकते म्हणते. मी सांगायला लागलो की हसते. तुझ्या हातचं असेल तर भिंतीवर चिकटवेल. मास्तरीण, चेन-सॉ मशीनचं सगळं पहिल्यापासून लिहून दे." मशीनचं पुस्तक वाचून तुला शिकवायचे म्हणून पडलेलं नाव, आणि तू मला अजून मास्तरीण म्हणतोस हे वाचून पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं होतं. असो. लिहिते.

आधी पेट्रोल. पाच लिटरला शंभर मिली टू-स्ट्रोक ऑइल, मापाच्या भांड्याने. मशीनच्या पुस्तकात वेगळं प्रमाण दिलं असेल तर पुस्तकाचं ऐकायचं, बापाचं नाही. मिश्रण वेगळ्या डब्यात करायचं, डबा चांगला हलवायचा आणि त्यावर तारीख लिहायची. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण मशीनमध्ये घालायचं नाही. तू एकदा नुसतंच पेट्रोल ओतून इंजिन जाम केलं होतंस आणि दोन दिवस सगळ्यांना "कार्ब्युरेटर गेलाय, कार्ब्युरेटर" म्हणून सांगत फिरत होतास. तेही तिला सांग. हसू दे.

भरताना इंजिन बंद हवं आणि थंड झालेलं हवं. गरम असेल तर बसायचं, पाणी प्यायचं, वाट बघायची. मशीन मोकळ्या जमिनीवर ठेवायची, भुशावर नाही. बूच घट्ट लावायचं, सांडलेलं पुसायचं, आणि डब्यापासून दहा पावलं लांब जाऊन मगच दोरी ओढायची. दर वेळी पेट्रोल भरलं की चेनच्या तेलाची टाकीही भरायची. तेल संपलेलं लगेच कळत नाही. पुढची पट्टी तापून निळी पडली की कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

केवढी मशीन घ्यावी, असं विचारलंस. बार म्हणजे ती पुढची पट्टी, जिच्या कडेने चेन फिरते, ती नेहमीच्या खोडाच्या जाडीपेक्षा दोनेक इंच लांब असली की पुरे. आपली जुनी सोळा इंची आहे, ती तिला बसेल. मोठ्या बारचा मोह नको. लहान इंजिनाला लांब बार लावला की मशीन दमते, आणि मशीन दमली की माणूस जोर लावायला लागतो.

रोज सकाळी करायचं ते असं. एअर फिल्टर काढून झटकायचा. बारच्या खाचेतला भुसा काढायचा. चेनला हात लावण्याआधी इंजिन बंद, हातात मोजे. चेन खालच्या बाजूने मध्यावर धरून ओढायची; खाचेतून बाहेर यायला नको, आणि हाताने फिरवली तर अडायलाही नको. चेन-ब्रेक पुढे ढकलून चेन खरंच थांबते ना ते बघायचं. हेल्मेट, तोंडावर जाळी, कानांवर झाकण, पायाला ती जाड पँट. उकडतं म्हणून काढायची नाही. दोन्ही हातांनी धरायचं, अंगठा मुठीखालून. आणि बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही. लागला तर मशीन तोंडाकडे उसळते. हे तुला मी सांगणं बरं दिसत नाही, पण तिच्यासाठी लिहायला हवं.

राहिलं धार लावणं. ते उद्या लिहिते. आज हात दुखतो आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल लिहिलं नाही. काल दुपारी तुमच्या घरी फोन केला होता. तू वखारीत असतोस ती वेळ होती, आणि मी ती मुद्दाम निवडली होती की काय, हे मी स्वतःला विचारते आहे. भिंगरीने उचलला.

"आत्या! तू आणि फोन? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही गं. ऐक, मशीनवर जी चेन आहे ना, ती लावू नकोस. बाबांना नवी आणायला सांग."

"का? तूच धार लावलीयस ना तिला?"

"जुनी झाली. गंजली असेल."

"गंज कुठला! बाबांनी तेलाच्या फडक्यात बाळासारखी गुंडाळून ठेवली होती. मी काल पुसली, चकाचक आहे. बाबा म्हणतात, आत्याच्या धारेला चार वर्षांत काही होत नाही. रविवारी मागच्या अंगणातलं वाळलेलं झाड काढतोय आम्ही. तू ये ना बघायला!"

मी म्हणाले, बघते. आणि फोन ठेवला. दादा, चव्वेचाळीस वर्षांची बाई, विज्ञानाची पदवी घेतलेली, आणि एका पोरीला गंजाचं कारण सांगते.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, तिच्याबद्दल मी परवा चकार शब्द काढला नाही. "चेन तीच आहे, तू त्या दिवशी धार लावलेली. अर्धा तासही चालली नसेल. नवी कशाला?" पाच दिवस मी या ओळीला उत्तर देत नव्हते.

आता धार लावण्याचं सांगते. गोल कानशीने प्रत्येक दात एकाच कोनात, सारख्याच वेळा घासायचा. दाताच्या पुढे एक लहान उंचवटा असतो. दात किती खोल चावणार ते तो ठरवतो. दात झिजत गेले की उंचवटाही थोडा उतरवावा लागतो, चपट्या कानशीने, पण गेज ठेवून. गेज म्हणजे बोटाएवढी पत्र्याची पट्टी. तिच्या फटीतून जेवढा वर येईल तेवढाच घासायचा. त्यापेक्षा खाली गेला की दात हावरट होतो. लाकडात नको तितका घुसतो, मशीन धक्के देते, आणि टोक लागलं तर फार जोरात उसळते.

चार वर्षांपूर्वीच्या वादळानंतर रस्त्यांवर आडवी पडलेली झाडं काढायचा तो तिसरा आठवडा होता. आठवतं ना, आपण दोघं ट्रकच्या फळीवर बसून डबा खाल्ला आणि तू म्हणालास, "चेन नुसता भुसा पाडतेय, चावत नाही." दात मी सकाळीच घासले होते. म्हणजे उंचवटे उतरवायला हवे होते. गेज मी घरी टेबलावर विसरले होते. परत जायला चाळीस मिनिटं लागली असती, आणि मी इतकी थकले होते की उठवत नव्हतं. मग मी नजरेने घासले. प्रत्येकावर चार वेळा. मग वाटलं, कमी पडेल, म्हणून आणखी तीन.

तू मशीन लाकडाला लावलीस आणि ओरडलास, "वा गं मास्तरीण! आज लाकूड पितेय ही!" मी खूश झाले. हे मला सगळ्यात जड जातं, की मी खूश झाले. थोड्या वेळाने तू म्हणालास, "जरा उड्या मारतेय गं आज," आणि हसलास. दादा, त्या क्षणी मला कळलं. नंतर नाही, दवाखान्यात नाही, त्याच क्षणी. उड्या कशाने मारते हे मला पुस्तकाच्या पानासकट माहीत होतं. मी हात वर करून थांब म्हणायला हवं होतं. मी रिकामा डबा पुसत बसले. मनात म्हटलं, एवढं खोड झालं की बघू.

त्या खोडावरच झालं.

ब्रेकने चेन थांबवली म्हणून मनगटावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात ठेकेदाराने विचारलं, "मशीनमध्ये काही दोष होता का?" तू स्ट्रेचरवरून म्हणालास, "मशीनला काय विचारता? चेन माझ्या बहिणीने घासलीय. टोक मीच लावलं." वहिनी रडत ओरडत होती, "घाई! जन्मभर घाई या माणसाला!" मी तुझा एक बूट हातात धरून उभी होते. तोंड उघडलं नाही.

टोक लागलं हे खरंच आहे. उंचवटे बरोबर असते तरी लागलं असतं. पण मशीन इतकी उसळली असती का? तुझी दोन बोटं वळत नाहीत, ती वळली असती का? मला माहीत नाही. चार वर्षं मी या "माहीत नाही"च्या आडोशाला बसून आहे. तू हातात मशीन धरणं सोडलंस, वखारीच्या दारावर बसायला लागलास, आणि मी इथे निघून आले. तुला वाटलं, मी रक्त बघून घाबरले. तसं तू सगळ्यांना सांगितलंसही, माझी बाजू घेऊन. मी तेही चालू दिलं.

रोज वही लिहायची सवय तुला ठाऊक आहे. आज त्या दिवसाचं पान काढलं. हवा लिहिली आहे. झाडाचा घेर लिहिला आहे. "दादाला अपघात, डावं मनगट" असं आहे. कानस कुठेच नाही. म्हणजे मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता ऐक. पत्र रविवारच्या आत पोचेल असा भरवसा नाही. म्हणून उद्या सकाळी तुला वखारीत फोन करणार आहे. फक्त म्हणेन, चेन काढ, कारण पत्रात येतंय. तू खोदून विचारशील आणि मला फोनवर धड सांगता येणार नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला मागे फिरता यायला नको. चेन काढलीस की तिचे दोन तुकडे कर, म्हणजे काटकसर म्हणून कुणी परत लावणार नाही. त्याआधी तुला खात्री करायची असेल तर पाकिटात गेज घातलं आहे, ठेवून बघ. फटीतून एकही उंचवटा वर येणार नाही.

भिंगरीला नुसती पहिली पानं देऊ नकोस. हीही दे. भिंतीवर लावायची की नाही ते तिचं तिने ठरवावं. धार लावायला शिकणाऱ्या माणसाला हे वाचायचा हक्क आहे.

वहिनीला मात्र तू सांगू नकोस. मी येऊन सांगेन. चार वर्षं ती तुला घाईचा माणूस म्हणते आहे आणि तू मान खाली घालून जेवतोस, हे मी दोनदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि वाढून घेतलं. आता तिला जे बोलायचं असेल ते तिने मला बोलावं, तुझ्यासमोर.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारच्या गाडीने येते. घ्यायला येऊ नकोस. तू दार उघडलं नाहीस तर मी पायरीवर बसेन, वहिनी बाहेर येईपर्यंत.

तुझी, अजून असं लिहिता येत असेल तर,
धाकटी