त्या पुस्तकातलं वाक्य

प्रिय आई,

इतक्या लांबून पायांना हात पोचत नाही, तरी नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोकला थोडासाच उरलाय. तुझे गुडघे कसे आहेत?

आई, आज मी सूड घेतला.

आपली तान्ही निळी पडून गेली, तेव्हा डॉक्टरांनी "आईचंच दुर्लक्ष" असं तुला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. ते पुस्तक लिहिणारा इथे इस्पितळात आमचा मोठा साहेब आहे. "चार टाळकी काय दिवे लावणार?" म्हणत त्याने आम्हाला जिन्याखालची खोली दिली. एक म्हातारे रक्ततज्ज्ञ, एक नर्स, एक आकडेतज्ज्ञ आणि मी. सात वर्षं आम्ही तान्हीला नेणाऱ्या त्या एकाच आजाराच्या मागे लागलो आणि रक्तातला दोष शोधला. त्याच्या ऐंशी माणसांना तो दिसला नव्हता.

तो दोष वेळेत ओळखायची चाचणी सगळ्या वॉर्डांत पाठवलीय. बाळांशी माझं वैर नाही. मग साहेब खाली आला. "शोधनिबंधात माझंही नाव घाला."

"आहे ना, साहेब," मी म्हटलं. "चूक कुणाची होती, त्या ओळीत."

त्याचा उतरलेला चेहरा पाहून मला फार बरं वाटलं.

तुझी काही चूक नव्हती, आई. आता ते छापून येतंय. बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझीच,
थोरली