पिंप आणि सुतळी

४ फेब्रुवारी

अडकलो!

लिफ्टच्या छताला एक चौकोनी झडप असते. एकोणीस वर्षं मी तिच्यातून वर-खाली करतोय. आज डोकं गेलं, खांदे गेले, छाती गेली, आणि पोट म्हणालं — तुम्ही व्हा पुढे. पाय केबिनमध्ये लोंबकळताहेत, धड छतावर. वरून सुतळी माझे हात ओढतोय. खाली चौथ्या मजल्यावरच्या आजी उभ्या. "वर ढकलू की खाली ओढू?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

कडेला ग्रीस फासलं तेव्हा सुटलो. शर्ट गेला. अब्रू त्याच्या आधीच गेली होती.

सुतळी म्हणजे माझा जोडीदार. कुठलीही लिफ्ट बिघडली की आम्ही दोघं जातो. तो काटकुळा म्हणून सुतळी, मी असा म्हणून पिंप. नावं वर्कशॉपनं ठेवलीत. त्याला बावन्न, मला चव्वेचाळीस. पण आज धापा कोण टाकत होतं? मी.

५ फेब्रुवारी

आजींनी व्हिडिओ काढला होता. साहेबांनी दोनदा पाहिला.

"एप्रिल संपेपर्यंत त्या झडपेतून नीट जायला लाग. नाहीतर स्टोअरमध्ये बसायचं. सुतळीला दुसरा जोडीदार देईन."

बाहेर आल्यावर सुतळी म्हणाला, "मला दुसरा नको. नवीन माणसाला शिव्या द्यायला लाज वाटते रे."

एवढं प्रेमानं तो कधीच बोलत नाही. त्या भरात दोन क्रीमरोल खाल्ले.

८ फेब्रुवारी

जिम! ट्रेनर म्हणजे माझ्या पुतणीएवढी मुलगी. मला "काका" म्हणते. नुसती दांडी उचलायला दिली, वजनं न लावता. म्हटलं, "एवढंच?" आठव्या वेळेला मांड्या लटपटायला लागल्या. पलीकडे एक आजोबा माझ्या दुप्पट उचलत शीळ घालत होते.

९ फेब्रुवारी

जिना उतरता येत नाही. उलटा उतरलो. बायको खालून दिशा सांगत होती.

१२ फेब्रुवारी

जिममध्ये एक दंडवाला आहे. मान नाही, थेट दंडच सुरू होतात. त्यानं कानात सांगितलं, भात बंद, पोळी बंद, मीठ बंद, साखर तर विषच. अंड्याचा फक्त पांढरा भाग खायचा, आणि ही पावडर. ट्रेनरला विचारायचं सुचलं नाही. दंड तिचे लहान आहेत ना!

पावडरचा डबा घरी आणला. बायको म्हणाली, "अहो, ह्यात काय रंग आहे का? भिंतीला द्यायचा?"

१५ फेब्रुवारी

तिसरा दिवस. चिडचिड. बायकोला म्हणालो, तू मुद्दाम फोडणी घालतेस. ती म्हणाली, "मग काय, तुमच्यासाठी घराचं नाक चोंदून ठेवू?"

जेवणाच्या सुट्टीत सुतळीनं अर्धा डबा माझ्यासमोर सरकवला. "घे. माझ्याच्यानं संपत नाही."

माझा निश्चय मोडायला बसलाय! जिद्दीनं नाही म्हणालो. दोन मिनिटांनी डबा चाटून पुसून ठेवला.

१८ फेब्रुवारी

दुपारी बायको माहेरी. कपाट साफ करावं म्हटलं. मागे बिस्किटांचा पुडा सापडला. तो "तपासत" असताना ती परत आली, उन्हाची छत्री विसरली म्हणून. माझं तोंड भरलेलं, हातात झाडू. तिनं छत्री घेतली, उरलेली दोन बिस्किटं घेतली, गेली.

२२ फेब्रुवारी

आज हसण्यासारखं काही नाही.

सुतळी केबिनच्या छतावर उभा राहून दोर तपासत होता. मी वर मशीनच्या खोलीत. तो ओरडला, "बंद कर!" मी बंद केलं. असं मला वाटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, कानांत शिट्टी. भिंतीला टेकून खाली बसलो. खटका चालूच होता.

सुतळीनं आधीच छतावरचं लाल बटण दाबून ठेवलं होतं म्हणून लिफ्ट हलली नाही. म्हणून. फक्त म्हणून.

वर येऊन त्यानं माझं तोंड पाहिलं. शिवी दिली नाही. खिशातून चॉकलेट काढून माझ्या तोंडात कोंबलं.

"सकाळपासून पोटात काय आहे?"

"पांढरं."

साहेबांना मीच जाऊन सांगितलं, चूक माझी. आठवडाभर मला शाफ्टचं, म्हणजे लिफ्टच्या पोकळीतलं, काम बंद. बरोबरच आहे.

२३ फेब्रुवारी

ट्रेनरला सगळं सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"काका, काल सकाळी जिमला येण्याआधी काय खाल्लं होतं?"

"ग्रीन टी. आणि निर्धार."

"निर्धारावर बैठका निघत नाहीत. खाली बसा."

बसलो. दहावीच्या मुलासारखा. ती बोलली ते जसं आठवतंय तसं लिहून ठेवतो, कारण इतकं साधं आहे की मी नक्की विसरणार. ताटात अर्धी भाजी. उरलेल्या अर्ध्यात मूठभर भात किंवा एखादी पोळी, आणि मूठभर डाळ, अंडी, मासे, जे घरी असेल ते. पिवळा बलक खायचा! मीठ बंद करायचं नाही, घाम गाळणाऱ्यानं तर नाहीच. व्यायामाच्या तासभर आधी एखादं केळं. पाणी तहान लागायच्या आधी. झोप सात तास. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, आणि अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.

"आणि बिस्किटं?" मी हळूच विचारलं.

"खा की. दोन. बशीत घेऊन, बसून, सगळ्यांसमोर."

"आणि पावडर?"

"घरात अंडी-डाळ असताना कशाला हवी?"

एवढंच! ह्यासाठी मी माणूस मारणार होतो.

३ मार्च

सकाळी नाश्ता केला. बायकोशी भांडण नाही. ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे असं तिचं म्हणणं.

पाऊण किलो उतरलं.

१६ मार्च

दांडीला आता वजनं लावतात. आजोबांनी शीळ थांबवून मान डोलावली. आयुष्यात असा सत्कार झाला नव्हता.

एकूण सव्वादोन किलो. आणि सुतळी? परवा त्यानं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. काही न करता! ना जिम, ना भाजी. मी आठवडाभर घाम गाळून जेवढं उतरवतो तेवढं त्याचं बसल्या-बसल्या उतरतं. देवाच्या दरबारातसुद्धा ओळखी चालतात!

६ एप्रिल

चार किलो गेले. ट्रेनर खूश. मी फुशारक्या मारत होतो, बोलता बोलता म्हणालो, "पण माझा जोडीदार पाहा. काही करत नाही, नुसता उतरतोय. नशीब लागतं!"

ती हसली नाही.

"किती उतरलं त्यांचं?"

"दोन भोकं. पट्ट्याची."

"जेवण कमी केलंय त्यांनी? मुद्दाम?"

"छे! उलट रोज अर्धा डबा मलाच..."

रोज अर्धा डबा मला. संपत नाही म्हणून. दोन महिने. आणि मी समजत होतो, हा माझी परीक्षा घेतोय!

"काका," ती म्हणाली, "माणूस न ठरवता बारीक होत असेल तर ते नशीब नसतं. ह्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा त्यांना."

७ एप्रिल

सुतळीला सांगितलं. "तू जळतोयस माझ्यावर," म्हणाला. मग गंभीर होऊन, "मी ठणठणीत आहे. पोट जरा जड असतं, बस्स."

"कधीपासून?"

"वकिलासारखे प्रश्न विचारू नकोस. पाना दे."

९ एप्रिल

युक्ती केली. म्हटलं, मला तपासणी करायचीय, एकट्याला सुईची भीती वाटते, चल बरोबर. तो आला. डॉक्टरांच्या दारात म्हणाला, "पिंपा, तुला सुई टोचताना मी मागच्या वर्षी पाहिलंय. झोप लागली होती तुला."

"मग का आलास?"

त्यानं दाराची मूठ धरली. "कुणीतरी ओढून आणावं असं वाटत होतं."

आत गेलो. आधी तो, मग मीही. डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं, पुष्कळ तपासण्या लिहून दिल्या.

१९ एप्रिल

साहेब स्वतः आले होते. डोकं, खांदे, छाती... पोट जरा घुटमळलं, मग आलं गुपचूप मागून. बाहेर! साहेब म्हणाले, "चल, जोडी कायम." चौथ्या मजल्यावरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. जरा हिरमुसल्याही असाव्यात, फोन तयार ठेवला होता.

सुतळी वर हात देऊन उभा होता. मी त्याचा हात धरला, पण भार टाकला नाही. टाकवेना. मनगट केवढंसं झालंय.

दवाखान्यातून अजून फोन नाही.

२४ एप्रिल

आतड्यात गाठ आहे. चांगली नाही. पण वेळेवर सापडली, काढता येईल.

डॉक्टरीणबाई सुतळीला म्हणाल्या, "ऑपरेशन झेपायला अंगात ताकद हवी. आधी तीन-चार किलो तरी वाढवायचे."

सुतळीनं माझ्या पोटाकडे पाहिलं. "बाई, ह्याचे घेता येतील का?"

तिघंही हसलो. हसता हसता मलाच रडू फुटलं. हुंदकेच. बाईंनी पाणी पुढे केलं.

गाठ त्याला, आणि तो माझी पाठ थोपटत होता!