मागच्या खोलीतली टकटक

३ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ. (केस पिकले तरी तू धाकटीच, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घे.)

सोबत आमच्या बँडची नवी रेकॉर्ड पाठवतो आहे. नाव ‘मागच्या खोलीत’. ज्यांनी जन्मभर लोकांच्या खिडक्या हादरवल्या, त्यांनी म्हातारपणी इतकं हळू वाजवावं हे कुणालाच रुचलेलं नाही. एका पेपरवाल्याने लिहिलंय की झोप न येणाऱ्यांनी जरूर विकत घ्यावी. शिवाय म्हणे गाण्यांतून मध्येच कसलीशी टकटक येते, कुणी दार वाजवतंय आणि आतून कुणी उघडत नाही अशी. भोंग्याने ते आपल्या गाणाऱ्या गळ्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसला. मास्तर नेहमीसारखा गिटारच्या तारा पुसत बसला. मी मात्र ताट तसंच ठेवून उठलो.

का, ते फक्त तुला सांगतो. माझा उजवा हात ऐकेनासा झालाय. ड्रमची काठी धरता येते, पण ठोका द्यायच्या ऐन वेळी हात जागच्या जागी थिजतो. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. त्या दोघांना जोरदार रेकॉर्ड करायची होती. मीच माझं घोडं पुढे दामटलं. म्हटलं, आता वयाला शोभेल असं, शांत, स्वतःच्या आत डोकावणारं काहीतरी करूया. अगदी विचारवंताचा आव आणून बोललो. खरं कारण एवढंच, की हळू गाण्यात माझी चोरी खपून गेली असती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि आता लोक त्यांना थकलेले म्हणतात. ती टकटक म्हणजे माझंच अडखळणं असणार. माझं वाजवून झाल्यावर मी स्टुडिओत पुन्हा फिरकलोच नाही. रेकॉर्डही ऐकलेली नाही, हिंमत होत नाही.

हे कुणाकडे बोलू नकोस. त्या दोघांकडे तर मुळीच नाही. तुला माझी शपथ.

तुझ्या लोभाला न शोभणारा,
दादा


१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानात बसल्या बसल्या रडले. गिऱ्हाईक समोर चष्म्याचा नंबर घेऊन उभं आणि मलाच काही दिसेना. हात दाखवायला दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. वहिनीला बरोबर ने, नाहीतर तू अर्धंच सांगशील.

रेकॉर्ड ऐकली. फार फार आवडली. तुझे ड्रम तर नेहमीसारखे दणदणीत. पेपरवाल्यांना काय कळतंय! उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

इकडे भिंगं घासायचं यंत्र पुन्हा बिघडलंय, आणि तुझे मेव्हणे ते स्वतः दुरुस्त करणार म्हणून हटून बसलेत, म्हणजे आता ते कायमचं गेलं. शपथ पाळीन. माझ्या पोटात काही राहत नाही असं तू लहानपणापासून म्हणत आलास, या वेळी बघ.

लोभ आहे तो जपून ठेव,
टाचणी


२ एप्रिल

प्रिय टाचणीस,
स. न. वि. वि.

तुझ्या दादाचा भोंगा तुला पत्र लिहितोय म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे ओळखलंस असशील. दादाने बँड सोडला. गुडघा दुखतो म्हणाला. पुढच्या महिन्यात आमचा कार्यक्रम आहे, त्यासाठी दुसरा ड्रमवाला बघा म्हणाला आणि काठ्यांची पिशवी आमच्या तालमीच्या खोलीतच ठेवून गेला.

गुडघ्याचं खरं आहे का? मला नाही वाटत. त्याच्या हाताचं आम्हाला ठाऊक आहे. त्याने नाडीचे बूट सोडून सपाता घालायला सुरुवात केली तेव्हाच मास्तरने ओळखलं. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायला लागला तेव्हा मीही ओळखलं. मग एक दिवस येऊन तो स्वतःच्या आत डोकावण्याबद्दल भाषण द्यायला लागला. आयुष्यात ज्याने आरशातसुद्धा धड डोकावलं नाही, तो! आम्ही गंभीर चेहरे करून हो म्हटलं. बाहेर आल्यावर मास्तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तुला वाटेल आम्ही त्याच्यावर उपकार केले. तसं नाही गं. वरचा सूर मलाही लागत नाही आता. कुणीतरी आधी हळू होऊया म्हणायला हवं होतं, ते त्याने म्हटलं. आमची इतकी खरी रेकॉर्ड दुसरी नाही, कुणी ऐको न ऐको. नीट ऐकली असशील तर मास्तरने मागाहून काय केलंय ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

पण आम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस. लाजेने तोंड दाखवणार नाही तो. तुला माझी शपथ. नुसतं त्याचं मन वळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
भोंगा


११ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी एक कबूल करते. मी रेकॉर्ड ऐकली नव्हती. वेष्टनसुद्धा फोडलं नव्हतं. यंत्राच्या गडबडीत राहून गेली आणि तुला बरं वाटावं म्हणून ठोकून दिलं. तू जिवाचं बोलत होतास आणि मी साखरेची गोळी देऊन तुझी समजूत काढली. काल ऐकली. नंतर कसंबसं सुरू झालेल्या यंत्रावर भिंगं घासायला घेतली ती दोन्ही वाया घालवली, कारण हात यंत्रावर आणि चित्त तिकडेच. आधीच ऐकली असती तर तुला आधीच लिहिलं असतं आणि तू काठ्या ठेवून आला नसतास. हे मला फार टोचतंय.

बँड सोडलास हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. माझ्या मानेवर सध्या इतक्या शपथा आहेत की मान वळवता येत नाही. सांगता येत नाही ते सांगत नाही. फक्त एक कर. खोलीचं दार लाव, कानाला हेडफोन लाव आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐक. तुझा हात कुठे कुठे थिजला होता ते तुझ्याशिवाय कुणाला आठवणार? नेमकं तिथे ऐक.

यापुढे तुझं काहीही न ऐकता छान म्हणणार नाही.

रागावलास तरी धाकटी तुझीच,
टाचणी


२९ एप्रिल

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

‘दणदणीत’ वाचलं तेव्हाच समजलो होतो की तू ती ऐकलेली नाहीस. मीही ऐकली नव्हती, मग कुठल्या तोंडाने बोलणार?

ऐकली. जिथे माझा हात थिजला, तिथे भोक पडलेलं असणार म्हणून अंग चोरून बसलो होतो. भोक नव्हतं. तिथे टकटक होती. मास्तर गिटारच्या लाकडावर बोट वाजवतो ना, ती. माझा ठोका जिथे चुकला तिथे तेवढीच, आणि जिथे मी वाजवलंय तिथे एकदाही नाही. माझ्या जागी एखादा तरणाबांड ड्रमवाला बसवून सगळं नव्याने करता आलं असतं. पेपरात हसं झालं ते त्या टकटकीचं, आणि भोंग्याने ते हसत हसत वाचून दाखवलं. मी त्यांना फसवत होतो तेव्हा ते माझी चूक भरत बसले होते. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

परवा तालमीला गेलो. काठ्यांची पिशवी माझ्या स्टुलावर होती. भोंगा म्हणाला, उशीर झाला, बस मिळाली नाही का? मी म्हटलं, नाही मिळाली. मग वाजवायला बसलो. हात थिजला की टकटक यायची. मास्तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

कार्यक्रमात बसतोय. तू पुढच्या रांगेत हवीस, मेव्हण्यांना यंत्रापासून ओढून आण.

आता एक राहिलं. परवाच्या तालमीत शेवटच्या गाण्याला माझा हात अगदी ठीक चालला होता. तरी मी एक ठोका मुद्दाम सोडला. खात्री करून घ्यायला. टकटक आली. तेव्हापासून मास्तरच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. इतकं सगळं कळल्यावरही मी त्याची परीक्षा घेतली गं.

हे त्यांना सांगू नकोस. आणखी एक शपथ.

माझ्यावर रागाव, पण ये,
दादा