पवन्या म्हणजे कोणतं गवत?

सोलापूर, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९३१

वनस्पतींच्या जुन्या पाहणीची वही कचेरीत कुणी उघडत नाही, कारण तिच्यात नुसती गावठी नावं आहेत. 'पवन्या' म्हणजे नेमकं कोणतं गवत? महिनाभर डोक्यात तेच.

आज वही घेऊन सांगोल्याच्या माळावर गेलो. मेंढरं राखणाऱ्या धोंडूबाईंना पवन्या समजून मी आणलेली काडी दाखवली.

"ही कुसळी हाय. पवन्या वर खडकात असतुया, चला की."

वर खरंच पवन्या होता. वहीत त्या नावासमोर शास्त्रीय नाव लिहिलं. मग बाईंनी माझ्याकडून सगळी यादी वाचून घेतली. एका नावाला थांबल्या.

"ही लई सालांत दिसली न्हाय. पर नाव खोडू नगा. सापडंल."

खोडलं नाही. समोरची जागा कोरी ठेवलीय.