न वाकणारा गळ

मीरा रोड, शनिवार

प्रिय विठू,

त्या हाताला हळद लावू नकोस. तुझा निरोप घेऊन आलेला बबन म्हणाला, सूज कोपरापर्यंत चढली आहे. चढणारच, खाडीची घाण आत गेली आहे. त्याच्याबरोबर गोळ्या पाठवल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. मधेच बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत.

तुझा निरोप पोचला. बबनने तो माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पाण्याचा घोटही न घेता सांगितला. "विठू बोल्ला, मंगलवारी येतो. त्या दुसऱ्या पोराचा पत्ता काढून ठेव, बाय." दुसरा पोरगा म्हणजे साहिल. त्या सकाळी वरसावे पुलाखाली राजच्या शेजारी तोच उभा होता. तू वल्हं उचललंस ते पाहणारा तो एकटाच. राज बोलण्याच्या अवस्थेत नाही. साहिल बोलू शकतो, म्हणून तुला तो मंगळवारी हवा आहे. ही पोरं आमच्याच गाळ्यातून सामान नेतात, म्हणजे पत्ता माझ्याकडे असणार, हेही तू बरोबर ताडलंस. आहे माझ्याकडे. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. आधी तुला काही गोष्टी ऐकून घ्याव्या लागतील.

मी हाटकेशच्या गाळ्यात काय काम करते हे तू कधी धड विचारलं नाहीस. गावात कोणी विचारलं तर सांगतोस, "आमची सुलूबाय खेलनी रंगवते." बी.एस्सी. होऊन एकतीस वर्षं रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली आणि म्हातारपणी खेळणी! असू दे. निवृत्त झाल्यावर घरात बसणं मला जमलं नाही आणि गाळ्याची मालकीण हेमाली, तिला रंगातलं कळणारं माणूस हवं होतं. ती बाहेरून ल्यूर मागवते. टणक प्लास्टिकचे वीतभर लांब खोटे मासे, पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे तीन-तीन टोकांचे दोन गळ. ते बनवलेले असतात परदेशातल्या गोड्या तळ्यांतल्या बास माशासाठी. तो आपल्या जिताड्याचा लांबचा भाऊबंद म्हण. पण तिथलं पाणी निवळ. आपल्या खाडीत हातभर खोल गेलेली वस्तू दिसत नाही. म्हणून मी ते बदलते. कारखान्याचा चकचकीत रंग घासून काढते. पाठ बोईट माशासारखी करडी-हिरवी, पोट चंदेरी, आणि जखमी मासा वाटावा म्हणून कल्ल्यापाशी लाल फटकारा. पोटाला बारीक भोक पाडून आत पोलादी छर्रे सोडते आणि भोक बुजवते. गढूळ पाण्यात जिताड्याला दिसत नसलं तरी ऐकू येतं. मग मिठाच्या पाण्याच्या पिंपात ओढून बघायचं. डोकं खाली घालून थरथरत आला तर ठीक, आडवा पडला तर पुन्हा घासायचा.

जिताडा भुकेपेक्षा रागाने जास्त तोंड मारतो. त्याच्या खांबाजवळून कोणी खडखडत गेलेलं त्याला खपत नाही. जबडा उघडतो तेव्हा फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि समोरचं सगळं पाण्यासकट आत जातं. मी छर्रे भरते ते त्याला डिवचायलाच. बाबांचा तो बारा किलोचा जिताडा आठवतो? होडीत घेतल्यावरही त्याने कल्ल्याच्या पात्याने बाबांचा अंगठा हाडापर्यंत उघडला होता. बाबांनी वल्ह्याच्या मुठीने त्याचं डोकं ठेचलं. तो मेल्यावरही ठेचत राहिले, डोळा बाहेर लोंबेपर्यंत. मग तीच मूठ तुझ्या खांद्यावर उतरली, कारण तू दोर ढिला सोडला होतास. तू नऊ वर्षांचा होतास. हाड मोडल्याचा आवाज मी काठावर उभी राहून ऐकला. तू रडला नाहीस, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. चूक होती माझी. रडायला हवं होतंस, आणि मी पाण्यात उतरायला हवं होतं.

आता गळाचं सांगते. कारखान्यातून येतात ते गळ मऊ तारेचे असतात. जिताड्याने दोन हिसडे दिले की सरळ होतात आणि मासा निसटतो. पोरं तोंड पाडून यायची, "आंटी, हुक फिर से सीधा हो गया." मला काम अर्धवट झालेलं चालत नाही. मी ते सगळे काढून टाकले. चौपट ताकदीचे गळ घातले, कड्या जाड केल्या, वजन वाढलं तेवढे पोटातले छर्रे कमी केले आणि टोकं कानशीवर परजली. गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो, तो आत रुतलेला गळ माघारी येऊ देत नाही. काही पोरं तो काटा पकडीने चेपून मागतात. मग गळ अलगद निघतो, माशाच्या तोंडातून आणि चुकून लागला तर माणसाच्या बोटातूनही. साहिलने तसंच मागितलं होतं. मी त्याला झापलं, "सोडायचाच असेल तर पकडता कशाला?" राज फिदीफिदी हसला. "आंटी सही बोलती है. मेरे को ऐसाच दो." मी त्याला तसाच दिला.

तू गावाला सांगितलंस, की राजने तुला बघून मुद्दाम ओढलं. "त्यो हसत व्हता, बाय. मी वरडत व्हतो न् त्यो हसत व्हता." गावाने ते लगेच मानलं. का मानू नये? अडकलेले ल्यूर सोडवायला या पोरांच्या टोळक्यांनी वर्षभरात तीनदा तुझं जाळं कापलं. त्याचा तक्रारअर्ज मीच लिहून दिला होता आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण हे हसण्याचं तू म्हणतोस तसं नाही. मी रुग्णालयात गेले होते. साहिल बाकावर बसला होता. त्याने सांगितलं ते ऐक.

ओहोटी जोरात होती. तुझी होडी पुलाच्या खांबापलीकडे होती आणि ते दोघे अलीकडच्या खडकांवर. राजचा ल्यूर पाण्याच्या ओढीने खांबाला वळसा घालून गेला. तू जाळं वर घेत होतास. एक गळ जाळ्याच्या दोरात बसला, दुसरा तुझ्या तळहातात. राजच्या हाताला लागली ती जिवंत ओढ. वरून ट्रक धडधडत होते, तुझी किंकाळी त्याच्यापर्यंत गेलीच नाही. त्या पोराने जन्मात कधी जिताडा धरला नव्हता. तो ओरडला, "बडा है! साहिल, बहुत बडा है!" आणि हसला. मासा लागला की माणूस हसतो, विठू. तूही हसतोस. मग त्याला शिकवलं होतं तसं सगळं त्याने केलं. दोरी ढिली पडू द्यायची नाही, मासा दमेपर्यंत खेचत राहायचं. तू सुटायला मागे हिसका मारलास की तो पुढे खेचायचा. गळ तळव्यातून अंगठ्याच्या मुळाकडे मांस फाडत गेला. कारखान्यातला गळ असता तर दुसऱ्या हिसड्याला सरळ झाला असता. काटा चेपलेला असता तर निसटला असता.

तू सुरीने स्वतःचा हात कापून गळ सोडवलास, होडी खडकाला लावलीस आणि वल्हं घेऊन वर चढलास. पहिला फटका मी समजू शकते. तुझ्या जागी मीही मारला असता. राज गुडघ्यांवर आला. तोवर त्याने तुझा हात पाहिला होता आणि आपण काय ओढत होतो ते त्याला कळलं होतं. "सॉरी अंकल, सॉरी," म्हणाला तो. साहिलने ऐकलं आणि तूही ऐकलंस. दुसरा फटका तू कानावर मारलास. तिसरा तो आडवा पडल्यावर, नेम धरून. त्या तिसऱ्याने कवटी फुटली. मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढून ठेवला आहे. डोक्याची डावी बाजू वाटीसारखी आत गेली आहे आणि तिथली कातडी श्वासाबरोबर हलते. आज सतरावा दिवस. त्याच्या आईने मला विचारलं, "आप कौन?" मी फळांची पिशवी तिच्या हातात दिली आणि जिना उतरले.

दुसऱ्याच दिवशी पोलीस माझ्याकडे आले होते. तुझ्या होडीत सापडलेला ल्यूर पिशवीत घालून आणला होता. ओळखता का? पोटाखाली माझ्याच अक्षरात एकशे बेचाळीस असा आकडा होता, प्रत्येकावर मी घालते. मी नाही म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्यावर डाफरले आणि स्वतःची वेळ आली तेव्हा डोळ्यांची पापणीही लवली नाही. मला वाटलं मी तुला वाचवते आहे. मी मला वाचवत होते. काल चौकीत जाऊन खरा जबाब दिला. गळ मी बसवला, काटा मी चेपू दिला नाही, आणि खांबापलीकडचं त्या पोराला दिसत नव्हतं. हेमाली म्हणते, "मासी, आपने क्या गलत किया? मछली के लिए बनाया था." तिला काय सांगू? माशासाठी बनवलं होतं हे खरं आहे. तुझ्या हातात गेलं हेही खरं आहे. पण माझ्या गळाने तुझा हात फाडला म्हणून त्या पोराचं डोकं फोडण्याचा हक्क तुला मिळाला नाही, आणि साहिलला मारण्याचा तर मुळीच नाही.

आता पत्ता. साहिलचा पत्ता तुला मिळणार नाही, मंगळवारी नाही आणि पुढेही नाही. काल मी पोलिसांना तुझा पत्ता दिला. तू कुठे असशील हे मला कोणी सांगावं लागलं नाही. लहानपणी बाबांचा मार चुकवायलाही तू मावशीच्याच वाडीत पळायचास. बबनला दोष देऊ नकोस, त्याला मी भाग पाडलं. तो एकटा आत येऊन हे पत्र तुझ्या हातात देईल आणि जीप फाटकाबाहेर थांबेल. मी त्यांच्याकडून अर्धा तास मागून घेतला आहे. साहेब म्हणाले, "एवढ्याशा पत्राला अर्धा तास?" मी म्हटलं, माझा भाऊ चौथीतून सुटलेला, त्याला वाचायला मी शिकवलं, तो बोट ठेवून वाचतो, आणि आता त्याला डाव्या हाताचं बोट ठेवावं लागेल. मागच्या दाराने खाडीकडे जाऊ नकोस. तू पाण्यातून निघून जाशील हे त्यांना सुचलंच नव्हतं, तिथे दोन माणसं उभी करायला मीच सांगितलं. मावशीसमोर आरडाओरडा नको, तिचं वय झालं आहे. तिच्या पाया पड, अंगात धुतलेला सदरा घाल आणि दोन्ही हात दिसतील असे पुढे धरून बाहेर ये. मी चौकीच्या दारात डॉक्टरला घेऊन उभी आहे.

तू आता मानलं नाहीस तरी तुझीच,
सुलूबाय