चर्चच्या ओसरीतला पाहुणा

लानवोर,
सोमवार, संध्याकाळ

प्रिय गेथिनदादा,

तुझा गुडघा आणि वहिनींचा खोकला एव्हाना आवरले असतील, अशी आशा करते. आम्ही सगळे ठीक. शनिवारच्या वादळात कोंबड्यांचं खुराडं शेजारच्या शेतात गेलं, पण कोंबड्या आतच होत्या.

काल पिकांबद्दल आभार मानायची प्रार्थना होती, आणि डोकी मोजायला बिशपसाहेबांच्या कचेरीतून प्रॉसर नावाचे गृहस्थ येणार होते. वीस भरली नाहीत तर चर्चला कायमचं कुलूप. आम्ही नऊ (त्यातला एक फक्त चहासाठी येतो). आईबाबा तिथल्याच भिंतीशी मातीत निजलेत. सकाळी हेइलवेनकाकू (वय एक्याऐंशी, पन्नास वर्षं चर्चची किल्ली त्यांच्याच खिशात) दार उघडायला गेल्या, तर ओसरीत दाराला टेकून सीलचं पांढरं पिल्लू. भरतीबरोबर समुद्राच्या बांधावरून आलेलं. जवळ गेलं की फिस्कारायचं. प्राणी वाचवणाऱ्या मंडळींनी फोनवर बजावलं, हात लावू नका, दुपारी येतो. पाद्रीबाई म्हणाल्या, प्रार्थना रद्द करू. काकू म्हणाल्या, "त्याला झोपू दे. आपण बाहेर उभं राहू. देवाला काय छपराखालचंच ऐकू येतं?"

मग भोपळे, बटाटे, मनुक्यांचा पाव, सगळं थडग्यांवर मांडलं. तोवर दुकानातून बातमी फुटली होती. पिल्लू बघायला शेतकरी कुत्र्यांसकट आले, तीन पिढ्यांत आपल्या दारात न फिरकलेली वरच्या चॅपलची, दुसऱ्या पंथाची माणसंही आली. हार्मोनियम आत अडकलेला, पण गाण्यात वाढलेली आपली माणसं ती, कोणी सांगायच्या आधीच जाड-बारीक आवाजांप्रमाणे चार सुरांत वाटली गेली. एवढा वारा, आणि एकही सूर हलला नाही. दादा, इतकी वर्षं मी या लोकांना नावं ठेवली, ती सगळी काल परत घेतली.

प्रॉसरसाहेबांनी शहाऐंशी मोजले. मला विचारलं, "दर रविवारी एवढे असतात?" मी खोटं जुळवत होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "नाही हो, आज वाऱ्यामुळे कमीच आलेत." त्यांनी ते लिहून घेतलं. चर्च राहिलं. मी भोपळ्यांच्या आड जाऊन रडले. पिल्लूही दुपारी सुखरूप रवाना झालं.

तुझी धाकटी,
मॉरविद

ता. क. गाणं साहेबांना फार आवडलं. ईस्टरला बायकोला घेऊन पुन्हा येतायत. तेव्हा वहिनी, मुलं, जावई, शेजारी, सगळ्यांना घेऊन ये.

ता. क. २. तुला गाव सोडून एकतीस वर्षं झाली, पण चर्चच्या हजेरीच्या यादीत तू अजून दर रविवारी येतोस. साहेबांनी काल तुझी चौकशी केली. काकूंनी सांगितलं, मेंढ्यांकडे गेलाय. तेव्हा येताना बुटांना थोडा चिखल लावून ये.